काकांचे अठरा लुई आणि चौथा मी

अख्ख्या अमेरिकेत माझं डोकं फिरवायचा पहिला मान कुणाला द्यायचा झाला, तर तो मॅनेजरला नाही, इमिग्रेशनवाल्यांना नाही, कॅरी नावाच्या आमच्या गावात मागच्या गल्लीत राहणाऱ्या काकांना द्यावा लागेल. काका मूळचे सांगलीचे. चाळीसेक वर्षांपूर्वी इथे आले, एका औषधाच्या कंपनीत मशीनं सांभाळली आणि रिटायर झाले. रिटायर झालेली इथली माणसं गोल्फ खेळतात, क्रूझवर जातात, गेला बाजार मागच्या अंगणात मेथी तरी लावतात. काकांनी युरोपचे राजे धरले. तेही सरसकट नाहीत. नाव एक आणि आकडा वेगळा असे असतील तेवढेच. फ्रान्सचे अठरा लुई, इंग्लंडचे आठ हेन्री, आणि चार्ल्स तर विचारू नका. गॅरेजच्या वरच्या खोलीत त्यांनी भिंतभर पुठ्ठा लावलाय आणि त्यावर अठरा लुई स्वतःच्या हाताने ओळीने लिहिलेत. बाकीचे सगळे शाईने, सतरावा तेवढा पेन्सिलीने. काकू म्हणतात, "वर अठरा लुई आणि खाली मी एकटी."

आपल्याकडे राजे कमी पडले का, असं त्यांना एकदा मंडळाच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं. तो गृहस्थ अजून पस्तावतो आहे. काका म्हणाले, राजे भरपूर, पण शिस्त नाही. थोरले म्हणायचं, धाकटे म्हणायचं, फार झालं तर सवाई म्हणून वेळ मारून न्यायची. आकडा लावा की. आणि त्याच आठवड्यात त्यांनी ही शिस्त आमच्या महाराष्ट्र मंडळाला लावली. मंडळाची हजेरी आणि कुणी काय पदार्थ आणायचा याची यादी काकांकडे असते, कारण ते काम दुसरं कुणी घेत नाही. पुण्या-नाशकाची आमची पिढी घ्या, नावं सगळी तीच. पाच राहुल, चार स्नेहल, आणि अमित तर हाक मारली की अर्धा हॉल वळून बघतो. काकांनी एक लांबडी वही केली आणि जो ज्या क्रमाने कॅरीत आला त्याप्रमाणे त्याला आकडा दिला. मीही अमितच, आणि मी आलो तेव्हा माझ्या नशिबी चार आला.

नुसत्या आकड्यावर भागलं असतं तर मी चार दिवसांत विसरलो असतो. पण युरोपात म्हणे राजांना टोपणनावंही असत, भोळा चार्ल्स, जाडा चार्ल्स, टकला चार्ल्स. दुसऱ्या अमितचे केस नुकतेच मागे सरायला लागले होते, बिचारा त्याच काळजीत होता, आणि गुढीपाडव्याला काकांनी त्याला माइकवरून टकला अमित म्हणून स्टेजवर बोलावलं. तो तीन महिने मंडळात फिरकला नाही. मी काकांना म्हटलं, अहो, त्याला जाऊन सॉरी म्हणा. काका खरंच गेले, आणि टकला चार्ल्स पुढे सम्राट झाला होता असं त्याला समजावून आले. एवढं सांगूनही तो का रागावतो, हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही.

माझा राग मात्र आकड्यावरच होता, आणि त्याला कारण होतं. पहिला अमित मला माहीत होता, दुसरा टकला, पाचवा ते सातवा माझ्यानंतर आले. तिसरा कुठे होता? दहा वर्षांत तो कुणी पाहिला नव्हता. कुठल्या गणपतीला नाही, कुठल्या पिकनिकला नाही. म्हणजे माझ्या पुढची जागा रिकामी आणि मी आपला चौथा. यात बिघडलं काय, असं तुम्ही म्हणाल. पण माझ्या मुलीने शाळेत फॅमिली ट्रीमध्ये ऐटीत लिहिलं की माझे बाबा म्हणजे अमित द फोर्थ. टीचरने मला पेरेंट मीटिंगमध्ये अदबीने विचारलं, तुमचे वडील, आजोबा, पणजोबा सगळेच अमित होते का, किती सुंदर परंपरा आहे. माझे वडील दत्तात्रय. मी घामाघूम. घरी येऊन मुलीला झापलं तर ती म्हणते, "बट बाबा, यू आर द फोर्थ. आजोबांनीच सांगितलं." आजोबा म्हणजे काकाच. त्या दिवशी मी ठरवलं की काही झालं तरी तिसरा व्हायचंच.

पण काकांशी वाद घालायचा म्हणजे त्यांच्याबरोबर कुठेतरी अडकून बसायला हवं, आणि तशी वेळ आली की ते हेन्री काढतात. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा माझी गाडी गॅरेजला होती, म्हणून काकांनी एअरपोर्टला न्यायचं कबूल केलं. रस्ता पंधरा मिनिटांचा. पहिला आणि दुसरा हेन्री व्यवस्थित पार पडले. तिसऱ्याने छप्पन्न वर्षं राज्य केलं, तिथे आमचा एक्झिट गेला. वळून आलो तर आठवा लागला, आणि त्याला सहा बायका, त्यामुळे तोच एक्झिट पुन्हा गेला. आई बावीस तासांचा प्रवास करून दोन बॅगा आणि लाडवांचा डबा घेऊन पाऊण तास उभी. काकांनी खाली उतरून नमस्कार केला आणि सांगितलं, "वहिनी, माफ करा. हेन्रीमुळे उशीर झाला." आई भारतात परत जाईपर्यंत अधूनमधून विचारायची, त्या हेन्रीचं आता बरं आहे ना रे?

तर एका गणपतीला मी काकांना हॉलच्या दारातच गाठलं. ते वही घेऊन बसले होते, "अमित ४, वरण" यापुढे खूण करत होते. दरवर्षी मला वरणच येतं, हा आणखी वेगळा विषय. मी म्हटलं, काका, तिसरा माणूस अस्तित्वातच नाही. मला वर सरकवा. पाचव्याला चौथा करा, सगळे खूश होतील. आणि वहीत डोकावलो तर तिसऱ्या ओळीत अमित लिहिलेलं होतं, पेन्सिलीने. काकांनी वही हळूच मिटली. म्हणाले, "सतरावा लुई गादीवर बसलाच नाही. दहा वर्षांचं पोर, कैदेतच वारलं. पुढे त्याचा काका राजा झाला, पण त्याने स्वतःला अठरावा म्हणवलं. पुतण्याचा आकडा पुतण्याला ठेवला." आता काका-पुतण्या आणि गादी म्हटलं की मराठी माणसाला शनिवारवाडाच आठवतो. मी तसं म्हणूनही दाखवलं. काका हसले नाहीत. मी वरणाचं पातेलं आपटून आत गेलो, आणि दोन दिवस बायकोशी या विषयावर एकतर्फी भांडलो.

मग गेल्या वर्षी माझी नोकरी गेली. सकाळी कॉल, दुपारी लॅपटॉप परत. या व्हिसावर साठ दिवसांत दुसरी नोकरी नाही मिळाली तर गाशा गुंडाळायचा, हे इथे लहान पोरालाही माहीत असतं. काका दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. मला वाटलं धीर द्यायला आले. त्यांनी वही उघडली आणि माझ्यादेखत, मी आणि तिसरा सोडून, पहिल्यापासून सातव्यापर्यंत सगळ्या अमितना, मग पाचही राहुलना फोन लावले. प्रत्येकाला एकच वाक्य, आमचा चौथा अडचणीत आहे, बघा काय जमतं ते. टकल्यालासुद्धा केला, आणि टकला म्हणूनच केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, काका, माझा रेझ्युमे आहे, अनुभव आहे, निदान आडनावाने तरी ओळख करून द्या. त्यांना पटलं नाही. आणि त्रेपन्नाव्या दिवशी त्याच टकल्याच्या मेव्हण्याच्या ओळखीने मला टेक्सासला, अर्विंगमध्ये नोकरी मिळाली. म्हणजे उपकार मानायचे तेही या वहीचेच, यासारखी दुसरी चिडचिड नाही.

निघायच्या आधी निरोप घ्यायला गेलो. सामान बांधून कंबरडं मोडलं होतं, मुलगी रडून बसली होती, माझाही जीव ठिकाणावर नव्हता. तोंडातून निघून गेलं, काका, आता चौथा आकडा देऊन टाका कुणालातरी, आणि तो तिसराही भरा एकदाचा. काका जिना चढून वर गेले. मी चुकलो हे मला कळलं, पण कुठे चुकलो ते कळेना.

काकूंनी चहा पुढे ठेवला आणि सांगितलं, तिसरा आमचा पुतण्या. याच गावात शिकायला यायचा होता, ॲडमिशन झाली होती. गॅरेजवरची खोली यांनी त्याच्यासाठीच रंगवून घेतली, पलंग आणला, टेबल आणलं, आणि वहीत त्याचं नाव आधीच घातलं. व्हिसा दोनदा नाकारला. तिसऱ्यांदा तो गेलाच नाही. आता सांगलीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, दोन मुलं आहेत, छान चाललंय. "खोली रिकामी बघवेना, म्हणून यांनी तिथे लुई आणून बसवले," काकू म्हणाल्या. "दिवाळीला फोन करतो, तेव्हा पहिलं हेच विचारतो, काका, माझा नंबर आहे ना?"

इतकी वर्षं मी त्या पोराच्या जागेवर डोळा ठेवून होतो. मला स्वतःची शरम वाटली, अगदी खरं सांगतो. काका खाली आले तेव्हा वही त्यांच्या बगलेत होती आणि वहीत पेन्सिल खोचलेली. मला विचारायचं होतं, मीही आता पेन्सिलीत जाणार का. धीर झाला नाही. मी वाकून नमस्कार केला आणि काकांनी मला अर्विंगपर्यंत मध्ये कुठे कुठे पेट्रोल स्वस्त मिळेल ते सांगितलं.

अर्विंगमध्ये अमितांची पोती भरतील. इथल्या मंडळात मी गेलो, नाव सांगितलं, गळ्यात बॅज घातला, झालं. कुणी आकडा विचारला नाही, कुणी वरण आणायला सांगितलं नाही. हेच तर मला दहा वर्षं हवं होतं. पहिल्या गणपतीला हातात कागदाची प्लेट घेऊन मी एका कोपऱ्यात उभा होतो, आणि समोर कुणीतरी अमित म्हणून हाक मारली तर मी वळलोसुद्धा नाही.

परवा ऑफिसातून ड्राइव्ह करत येताना अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे एक तरुण, आवाजात तणतण. नुकताच कॅरीत आलाय, नाव अमित, आणि एका म्हाताऱ्या काकांनी त्याला आठवा केलाय. चौथा गाव सोडून गेलाय असं सगळे सांगतात, मग मला चौथा का नाही, असं विचारल्यावर काकांनी माझा फोन नंबर त्याच्या हातात दिला होता आणि त्यालाच विचार म्हणून सांगितलं होतं. मी त्याला शांतपणे समजावायला लागलो. सतराव्या लुईपासून सुरुवात केली, मग त्याचा काका, मग सांगलीचा पुतण्या, आणि माझा एक्झिट गेला. तो म्हणाला, "ते सगळं ठीक आहे हो. पण तुम्ही परत येणार आहात का?"

मी त्याला विचारलं, वही तिथे आहे का. काका शेजारीच बसलेत म्हणाला. मग म्हटलं, जरा बघून सांग, चौथं नाव शाईने आहे की पेन्सिलीने. तो पानं उलटत होता तेवढा वेळ मी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबलो.

"शाईने," तो म्हणाला. "वरून एकदा गिरवलंय, असं वाटतं."

मी एवढंच म्हटलं, की आकडा मिळणार नाही, पण गणपतीचं वरण तू घे.