बाबा ‘स्टेबल’ होते तेव्हा

ऑपरेशननंतरचा चौथा दिवस. नाशिकच्या एका हॉस्पिटलमध्ये बाबांच्या पलंगाशी मी आणि आई बसलो होतो. बाबा छताकडे बघत पडलेले... नाकात नळी, गळ्याला भोक.

घशाचा कॅन्सर होता. स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बाबा नकोच म्हणत होते. "आवाज गेल्यावर मास्तर कसला गं?" एवढंच त्यांचं म्हणणं. मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. शेवटी त्यांनी सही केली... माझ्यासाठी.

बाबांनी देवळ्याच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. कांद्याच्या शेतातून थेट वर्गात येणारी मुलं, त्यांना इंग्रजी म्हणजे धडकीच. म्हणून बाबा दोन अर्थांचे शब्द घेऊन बसायचे. गिरणा नदी श्रीमंत का? तर तिला दोन बँका आहेत! बँक म्हणजे काठसुद्धा, हे मुलांना तिथेच पाठ व्हायचं. एकदा मागच्या बाकावरून उत्तर आलं होतं, "सर, पण उन्हाळ्यात तिचं लय दिवाळं निघतं!" हे बाबा आल्यागेल्या प्रत्येकाला सांगायचे.

ते म्हणायचे, शब्द एक, घरं दोन. ऐकणाऱ्याला आधी एका घरात नेऊन बसवायचं, पाणीबिणी द्यायचं... आणि मग म्हणायचं, अहो, तुम्हाला शेजारी जायचं होतं! तो जो गोंधळतो ना, तेच हसू.

मला मात्र कॉलेजात गेल्यावर या विनोदांची लाज वाटायला लागली. मैत्रिणी घरी आल्या की मी त्यांना गच्चीवर घेऊन जायचे. आई सातवी शिकलेली. बाबा तिला प्रत्येक विनोद समजावून सांगायचे आणि ती मान हलवून हसायची.

तर ऑपरेशननंतर मी त्यांना लिहायला पाटी आणून दिली होती. चार दिवसांत त्यावर दोनच शब्द उमटले. एकदा ‘उशी’, एकदा ‘पंखा’. मी कितीही बोलले तरी ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. जीव वाचवला खरा, पण आतला माणूस मीच मारला, असं मला सारखं वाटत होतं...

त्या सकाळी डॉक्टर राउंडला आले. तरुण, घाईत असलेले. फाइल बघून म्हणाले, "ही इज स्टेबल नाऊ."

बाबांचा हात हलला. बोटांनी पाटी मागितली. त्यांनी इंग्रजीत लिहिलं, ‘स्टेबल? सेंड ग्रास.’

डॉक्टरांनी वाचलं, त्यांना काहीच कळलं नाही. "रेस्ट घ्या हं बाबा," म्हणून ते पुढच्या पलंगाकडे गेले. मला मात्र कळलं. मी तोंडावर पदर दाबून हसायला लागले... आणि मग ते हसणं कधी रडणं झालं, मलाच समजलं नाही.

आई घाबरली. "काय लिहिलं त्यांनी? दुखतंय का?"

आजवर हे काम बाबांचं होतं. आता मलाच करायचं होतं. मी सांगितलं, "डॉक्टर म्हणाले तब्येत स्टेबल आहे, म्हणजे स्थिर. पण स्टेबल म्हणजे घोड्यांचा तबेलासुद्धा. म्हणून बाबा म्हणतात, गवत पाठवा."

समजावला की विनोद मरतो, असं म्हणतात. आईने पाटी उचलून नीट बघितली. मग बाबांच्या कानाशी वाकून म्हणाली, "अहो, गवत नाही मिळालं. हरभरे आणते, चालतील?"

बाबा हसले. आवाज नाही... नुसते खांदे हलत होते आणि गळ्याच्या भोकातून हवा फसफसत होती. बघवत नव्हतं. तरी मी बघत राहिले.

नंतर बाहेरच्या बाकावर आई म्हणाली, "चाळीस वर्षांत मला त्यांचा एकही विनोद कळला नव्हता गं. त्यांचा चेहरा इतका खुलायचा, म्हणून मी हसायचे."

पुढे ते दोघं नाशिकमध्येच, इंदिरानगरला माझ्याकडे राहिले. दुपारी बाबा पाटीवर एक शब्द लिहायचे, खाली त्याचे दोन अर्थ मराठीत. आई ते मोठ्याने वाचायची, चुकायची, परत वाचायची.

पाच महिन्यांनी आजार परत आला. या वेळी डॉक्टरांकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाबा खूप वाळले. दुखण्याने रात्र रात्र जागे असायचे.

एका दुपारी त्यांनी पाटी मागितली. लिहिलं, ‘लीव्ह, प्लीज.’ खाली अर्थ लिहिले नाहीत.

मी वाचून दाखवलं आणि अर्थ सांगायला गेले. आई शांतपणे म्हणाली, "राहू दे. रजा... आणि जाणं. दोन्ही कळलं मला."

मग त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, "नामंजूर."

बाबांचे खांदे जरासे हलले. त्यानंतर आठव्या दिवशी ते गेले.

सही करायला लावली ते बरोबर की चूक, मला अजून ठरवता येत नाही. त्यांना झालेला त्रास मी डोळ्यांनी बघितलाय. पण त्या महिन्यांत आईला तिचा नवरा कळला, आणि मला माझी आई... त्यासाठी मी बाबांची ऋणी आहे. हे त्यांना तोंडावर सांगायला हवं होतं.