दोन मुठी मेथी

मुंबईच्या थंडीला बाहेरगावची माणसं हसतात. हसू देत. आमच्या गिरगावच्या चाळीत दिवाळीनंतर एखाद्या सकाळी जरा कोरडं वारं सुटलं, की लगेच ट्रंकांमधून डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारे स्वेटर बाहेर पडायचे. शेजारचे आजोबा तर माकडटोपी घालून गॅलरीत बसायचे ते थेट होळीपर्यंत.

आमच्या घरात मात्र त्या वाऱ्याला कुणी हसत नसे. त्याच दिवसांत, पौष महिन्यात, माझी आई गेली होती. आधी साधा खोकला, मग ताप, मग न्यूमोनिया. आठ दिवसांत सगळं संपलं. मी तेव्हा बारा वर्षांची होते. पुढच्या थंडीपासून मलाही तसाच खोकला लागायला लागला आणि दरवर्षी पंधरा-वीस दिवस मी अंथरुणात पडून राहायला लागले. आईची छाती मला मिळालीय, हे डॉक्टरांच्या आधी अप्पांनी ओळखलं.

अप्पा म्हणजे माझे वडील. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत कारकून, आणि स्वभावाने अतिशय भित्रे. ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. खालून मोर्चा गेला की अख्खी चाळ कठड्याशी गोळा व्हायची, घोषणा द्यायची, आणि अप्पा आत पाटावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत राहायचे. "मी सरकारी नोकर आहे," एवढंच म्हणायचे. मला त्यांची लाज वाटायची. आज हे लिहितानाही त्या लाजेची लाज वाटते.

सोळाव्या वर्षी मी एका कलापथकात गायला लागले. आमच्या शाळेतल्या गाण्याच्या मास्तरांनीच ते जमवलं होतं. आम्ही वाडीवाडीत चळवळीची गाणी म्हणायचो. पण लालबागच्या मैदानावर मोठी सभा ठरली आणि तिथल्या गाण्याची सुरुवातीची दोन कडवी मी एकटीने म्हणायची, असं मास्तरांनी सांगितलं. मी उडत घरी आले. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सभा कधी आहे?"

"संक्रांतीनंतर."

"म्हणजे पौषात." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "संक्रांतीपर्यंत खोकला आला नाही तर जा. आला, तर सभेचं नाव काढायचं नाही."

म्हणजे नकारच, असं मी धरून चालले. माझ्या छातीवर माझाच भरवसा नव्हता. शिवाय नोकरी सांभाळायची म्हणून अप्पांनी माझ्या खोकल्याचं निमित्त शोधलं, असंही मनात आलं. रात्री मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पा मला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर फटकळ होते. म्हणाले, "ताप आला की औषध देईन, आणि तेव्हा उशीर करू नका. तोवर हिला नीट खायला घाला, वेळेवर झोपवा, सकाळच्या उन्हात बसवा. एवढं तुमच्या हातात आहे." अप्पांनी ते एखाद्या सरकारी हुकमासारखं घेतलं. उद्यापासून अंमल.

सकाळी सहाला तिळाचं तेल कोमट करून ठेवलेलं असायचं. तळपायांना, छातीला चोळून मग गच्चीवर ऊन. त्यानंतर किसलेला आवळा मीठ लावून. जेवताना ओल्या हळदीचं लोणचं, संध्याकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, झोपताना हळदीचं दूध. नवाला दिवा बंद. फोडणीतल्या मिरचीने मला एकदा ठसका लागला, तर अप्पा हातातली पळी तशीच घेऊन धावत आले आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. तिकडे आमटी उतू गेली.

आणि लाडू. आई दर थंडीला डिंक-मेथीचे लाडू करायची. ती गेल्यावर शेजारच्या काकू द्यायच्या, पण ते मला आवडत नसत. आता अप्पांनी आईची वही काढली. पेन्सिलीने लिहिलेलं होतं: खारकांची पूड पावशेर, सुकं खोबरं दोन वाट्या, गूळ अर्धा शेर, डिंक पाव वाटी, मेथी दोन मुठी. अप्पांनी रविवारी दार लावून घेतलं आणि अक्षर न् अक्षर पाळून लाडू केले.

पहिल्याच घासाला माझी जीभ आत ओढली गेली. कारल्याने हात जोडावेत इतके कडू. मी लाडू ताटात ठेवला. अप्पांनी एक खाऊन पाहिला, पुरा संपवला आणि पुढचे पंधरा दिवस ते सगळे लाडू डब्यात घालून कचेरीत नेले. टाकायचे कसे?

दुसऱ्या वेळी त्यांनी दुकानदाराला दोष दिला. भुलेश्वरला जाऊन नवी मेथी आणली, तिचं पीठ आठ दिवस तुपात भिजवून ठेवलं. लाडू तेवढेच कडू. मार्गशीर्ष निम्मा सरला होता. एवढ्याशा लाडवासाठी हा माणूस असा कासावीस का होतो, ते मला कळेना. त्या दिवशी ते वही मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात बसून राहिले होते. "तिच्यासारखं काहीच जमत नाही मला," असं म्हणाले. मला नव्हे, वहीला.

काकू विरजण मागायला आल्या होत्या. त्यांनी वाकून वही वाचली, एक लाडू मोडून जिभेला लावला आणि विचारलं, "मूठ कोणाची घेतलीत, भावजी?"

"कोणाची म्हणजे? माझी."

"अहो, वहिनींची मूठ केवढीशी होती. तुमच्या एका मुठीत त्यांच्या दोन बसतील."

अप्पांनी स्वतःचा पंजा उघडून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. "तुझा हात बघू," म्हणाले. मेथीचा डबा त्यांनी माझ्यापुढे सरकवला. मी मूठ भरून बाहेर काढली. अप्पांनी माझी बंद मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली, जरा दाबून पाहिली, आणि म्हणाले, "हो. एवढीच."

इतकी वर्षं झाली, पण त्या क्षणाचं नवल माझ्या मनातून गेलेलं नाही. आईचं काही म्हणून माझ्याकडे उरलं असेल तर तो खोकला, असंच मी समजत होते. तिचा हातसुद्धा माझ्याजवळ आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मूठ उघडायला माझी तयारी होईना. शेवटी काकूच म्हणाल्या, "अगं, घाल आता ताटात."

त्या दिवशी मी पहिल्यांदा अप्पांच्या शेजारी बसून सगळं पाहिलं. ते डिंकाचे चार-चारच खडे तुपात सोडायचे. जास्त सोडले तर वरून फुलतात, आत कच्चे राहतात आणि दातांना चिकटतात. झाडाच्या सालीतून पाझरलेला तो कठीण, पिवळट खडा तुपात पडला की थरथरायचा आणि बघता बघता पांढराशुभ्र फुलून वर यायचा. कचेरीतून थकून आलेला माणूस एकेक खडा फुलेपर्यंत वाट बघत होता, आणि तेही माझ्यासाठी. मला त्यांच्याबद्दल जे वाटत आलं होतं त्याला काही अर्थ उरला नाही.

त्या वेळचे लाडू जमले; रोज सकाळी मी एक खायची. संक्रांत आली आणि गेली. मी खोकले नाही. लाडवांनी, उन्हाने, झोपेने की नुसत्या नशिबाने, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "बरी आहेस ना? मग पळ." पण वर्षानुवर्षं दगा देणारं आपलंच शरीर एक दिवस मुकाट्याने साथ द्यायला लागतं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मी जिना चढून वर यायची आणि दम लागला नाही म्हणून पुन्हा उतरून चढायची.

सभेच्या दिवशी अप्पा सकाळी नेहमीसारखे कचेरीत गेले. जाताना "मफलर घे" म्हणाले, बस. तुम्ही येणार का, असं मी विचारलं नाही. सभेत दिसलेल्या सरकारी नोकराचं काय होऊ शकतं, ते मलाही माहीत होतं.

लालबागचं ते मैदान मी कधी विसरणार नाही. गिरण्यांतून सुटलेले कामगार, कडेवर मुलं घेतलेल्या बायका, कठड्यांवर, छपरांवर माणसं. संध्याकाळचे दिवे लागले होते. मी व्यासपीठावर उभी राहिले आणि एवढी माणसं एकदम गप्प झाली. माझा आवाज कर्ण्यांतून माझ्याच कानांवर आला तेव्हा अंगावर काटा आला. दुसऱ्या कडव्याला गिरणीच्या धुराने घशात खवखव सुरू झाली. आता गेलं सगळं, असं वाटलं. मी एक आवंढा गिळला, खोल श्वास घेतला, आणि तो श्वास थेट तळापर्यंत गेला. पुढची ओळ मी पूर्ण आवाजात म्हटली. मग सगळं मैदान माझ्याबरोबर गायला लागलं.

खाली उतरले तर व्यासपीठाच्या कडेच्या बांबूला धरून अप्पा उभे. अंगात कचेरीचा कोट, डोक्याला काळी टोपी, आणि वर भगभगीत दिवा. शंभर हातांवरूनही कुणीही ओळखलं असतं.

"अप्पा, तुम्ही इथे? कुणी पाहिलं तर?"

"पाहू दे."

मला रडू यायला लागलं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "कसं झालं गाणं?"

त्यांनी माझ्या गळ्याभोवतीचा मफलर नीट केला.

"गाणं मी ऐकलंच नाही, बाळ," ते म्हणाले. "तू खोकतेस का, तेवढंच ऐकत होतो."