छाटलेली हायड्रेंजिया

लग्नानंतर बायकोने मेढ्याहून हायड्रेंजियाच्या दोन फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून इस्लामपूरला आणल्या होत्या. मी तिथल्या शाळेत शिक्षक होतो. घरामागे, न्हाणीच्या भिंतीच्या सावलीत तिने त्या लावल्या. माहेरी फुलं निळी यायची. आमच्या काळ्या मातीत गुलाबी आली. उन्हाळ्यात ती झुडपांवर पोत्याचा आडोसा बांधायची, दोन्ही वेळा पाणी घालायची.

पंचाहत्तर-शहात्तरच्या हिवाळ्यात तिचे पाय सुजले. मिरजेच्या इस्पितळात ठेवलं, मीही रजा काढून तिच्यापाशी राहिलो. दोन्ही मूत्रपिंडं गेल्यात जमा आहेत, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तिला मी काहीच बोललो नाही. ती रोज विचारायची, "झाडाला पानी घालताय न्हवं?"

शनिवार-रविवारी घरी येऊन मी पाणी घालायचो. पानं झडून झुडपं नुसती काटक्यांसारखी दिसत होती. गुलाब छाटतात हे मला ठाऊक होतं. ती घरी येईल तेव्हा भरघोस फुलं दिसावीत म्हणून एका रविवारी मी कात्री घेतली आणि प्रत्येक फांदी वीतभर ठेवून कापली. मनापासून कापली.

चैत्रात तिला घरी आणलं तेव्हा झुडपं हिरवीगार झाली होती. भिंतीला धरत धरत ती मागे गेली, शेंडे बोटांनी चाचपले.

"आवं, छाटलंत व्हय?"

"हो. का?"

"जुन्या फांदीच्या टोकालाच कळी धरती ह्याची. या साली फूल न्हाई यायचं."

ती रागावली नाही. आत येऊन भिंतीकडे तोंड करून पडली. पुढचं साल तिच्या वाट्याला नाही हे मला माहीत होतं. तिलाही ते कळलं होतं की काय, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

ज्येष्ठात मी पहाटेच्या एस.टी.ने मेढ्याला गेलो. मेव्हण्याने परसातली दोन मोठी निळी फुलं देठासकट काढून दिली. साताऱ्याला गाडी बदलताना फडकं पुन्हा भिजवलं. तरी घरी पोचेपर्यंत दोन्ही फुलं माना टाकून बसली होती.

"पान्यात बुडवून ठिवा, उठतील," ती म्हणाली.

मी बादलीत ठेवली. सकाळपर्यंत उठली नाहीत.

आषाढात ती गेली.

पुढच्या वर्षी मी कात्रीला हात लावला नाही. दोन्ही झुडपं फुलांच्या भाराने जमिनीला टेकली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "चार द्या की देवाला." मी नाही म्हटलं. काकूंना वाईट वाटलं असावं. पाऊस लागल्यावर फुलं झाडावरच कुजली, आणि मी मागचं दार लावून घेतलं.