कुंकू लावलेली पेटी

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. त्यामुळे काही लिहायला बसलो की अजूनही कुणाची तरी परवानगी घ्यावीशी वाटते. चुकलं तर सांभाळून घ्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेळगावच्या शहापुरात, प्रोजेक्टसाठी माग देणाऱ्या विणकर आप्पांच्या पॉवरलूमसमोर मान खाली घालून उभा होतो. मागावरच्या साडीत वीतभर पट्ट्यात आडवा धागाच नव्हता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. माझा प्रोजेक्ट म्हणजे मायक्रोप्रोसेसरची एक पेटी. आडवा धागा तुटला की तिने माग थांबवायचा. एका बाजूला बारीक दिवा, समोर उजेड ओळखणारा सेन्सर. मध्ये धागा असला की सेन्सरवर अंधार. तुटला की उजेड पडणार आणि माग थांबणार. याच कामाचा जुना लोखंडी काटा मीच काढायला लावला होता.

सेन्सर पाहिला. त्यावर हळदीकुंकू वाळलेलं. खंडेनवमीच्या पूजेत आप्पांच्या बायकोने, आक्कांनी, पेटीलाही लावलं होतं. उजेड पोचतच नव्हता, म्हणून पेटीच्या हिशेबी धागा शाबूत होता. मी जरा तणतणलोच.

आक्का म्हणाल्या, "मागाला लावलं, धोट्याला लावलं. ती बी राबतीय न्हवं? तिलाच तेवढं वगळायचं व्हय रं?"

आप्पा साडीवरून हात फिरवत राहिले. आठ दिवसांत पेटी दुरुस्त झाली तर ठीक, नाहीतर काटा परत बसवणार, म्हणाले. दुसरा कुणी मला माग देणार नव्हता. पेटी निघाली की प्रोजेक्ट संपला.

रिपोर्टात मी लिहिलं, चूक वापरणाऱ्याची. आमच्या गाइड सरांनी ती ओळ खोडली.

"अंधार म्हणजे धागा आहे, हे कुणी ठरवलं?"

"मी, सर."

"मग चूक आक्कांच्या नावावर का लिहितोस? खंडेनवमी दरवर्षी येते."

दोन दिवस मी मागाजवळ नुसता बसून राहिलो. धोटा प्रत्येक फेरीत धागा घेऊन जातो, तेव्हा क्षणभर धागा सेन्सरसमोरून हटतो. त्या क्षणी उजेड दिसलाच पाहिजे. नाही दिसला तर सेन्सर आंधळा झालाय, माग बंद. प्रोग्रॅममध्ये एवढंच वाढवलं.

आठव्या दिवशी आक्कांनाच कुंकू लावायला सांगितलं. त्या हसल्या. "देवाचं सोडून आता तुझ्या परीक्षेलाबी कुंकू?" माग एक फेरी चालला आणि थांबला. आप्पा एवढंच म्हणाले, "बघू. वरीसभर ऱ्हाऊ दे."

पुढे हाच विषय मी वर्षानुवर्षे शिकवला. यंत्र कधीतरी बिघडणारच; बिघडलं की गुमान थांबलं पाहिजे, एवढंच त्याचं सार.

पुढच्या दसऱ्याला मी एम.ई.साठी बेंगळूरला होतो. दिवाळीच्या तोंडावर आप्पांचं कार्ड आलं. "नवमीला हिनं लावलंच. माग थांबला, पुसल्यावर चालला. शेजारच्या दोन मागांना अशीच पेटी पायजे. कधी येतोस?"