बोटभर उजेड

आठवीत शाळा सोडून मी परभणीकडच्या गावाहून पोटासाठी कोल्हापूर गाठलं. गावाकडच्या ओळखीतल्या एका काकींनी त्यांच्या सीडी लायब्ररीच्या काउंटरवर बसवलं, वरच्या माळ्यावर झोपायला जागा दिली, रोज आपल्या घरचं ताट दिलं. त्या उपकाराची धास्तीच होती म्हणा ना. एखाद्या सीडीवर ओरखडा दिसला तरी तो माझ्यामुळेच पडला असं वाटायचं.

मग गल्लीतला केबलवाला आपल्या चॅनलवर रोज नवा सिनेमा सोडायला लागला. गिऱ्हाईक आटलं.

"आता कोण येतंय रं? घरात बसून बगत्यात. गाळा भाड्यानं देऊया," काकी म्हणाल्या. पाटी मलाच रंगवायला लावली. गाळा गेला की माळाही जाणार, हे त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही. गावी परत कुठल्या तोंडानं जायचं?

पाटी लागली आणि त्याच आठवड्यात शेजारच्या तालमीच्या पैलवानाची जत्रेतली कुस्ती केबलवर दाखवली. पंचांनी त्याला चितपट दिलं होतं. त्याचे वस्ताद म्हणत होते, पाठ टेकलीच नाही. पण केबलवर कुस्ती एकदा दिसली आणि गेली. ती टिपणाऱ्या, एरवी लग्नांचं शूटिंग करणाऱ्या माणसानं तिची सीडी काढून आमच्याकडे ठेवली होती.

सकाळी वस्ताद अख्खी तालीम घेऊन दारात. "पावणं, ती कुस्ती हाय काय?"

"हाय की." तेवढं कोल्हापुरी मला यायला लागलं होतं.

मागोमाग समोरच्या, म्हणजे जिंकलेल्या पैलवानाच्या तालमीचेही आले. "वस्ताद, किती येळा बगा, पडलंय ते पडलंयच!"

"गप ए! आधी बग, मग बोल."

मी टीव्हीवर सीडी लावली, तर नेमक्या डाव पडायच्या क्षणाला ती अडकली. पडद्यावर नुसते चौकोन. सीडी काढली, जुन्या बनियनच्या कापडानं मधून कडेकडे हलकी पुसली, पुन्हा घातली. पैलवान हवेत गेला, खाली आला. मी रिमोट दाबला.

चित्र थांबलं. पाठ आणि माती यांच्यामध्ये बोटभर उजेड होता!

"मागं घे... परत लाव... आता थांबव!" असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. शेवटी समोरच्यांतलाच एक जण पुटपुटला, "व्हय, टेकली न्हाय." मग जो आरडाओरडा झाला, त्यात वस्तादांनी मला काउंटरवरून उचललंच.

"केबलवर त्यो दावंल तवा बगायचं," ते काकींना म्हणाले. "ही आपल्या हातात हाय. कुस्त्यांच्या सगळ्या मैदानांच्या सीडी ठेवा, पोरं डाव शिकतील."

निकाल काही बदलला नाही. काकींनी मात्र पाटी काढून माझ्यापुढे ठेवली.

"उलटी कर. मागं लिव, कुस्त्यांच्या सीडी मिळतील. आन् अक्षार मोठं काड, पैलवान वाचणार हायेत."

रंग वाळायच्या आत तिसऱ्याच तालमीचा माणूस दारात उभा होता.