दिवाकरची दाणेदार फिल्म

दिवाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मनीषनगरच्या घरी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. फोन सुनंदावहिनींचा, त्याच्या बायकोचा. "भाऊजी, हे गेले जी," एवढंच बोलल्या. डायलिसिस सुरू होतं, म्हणजे अगदी अनपेक्षित असं काही नव्हतं. तरी मी हातातला ओला शर्ट पुन्हा पुन्हा पिळत राहिलो... आमची मैत्री कॉलेजपासूनची, आणि गेलं वर्षभर आम्ही धड बोललो नव्हतो. कॅमेऱ्यात कुठला रोल घालायचा यावरून. पन्नाशी उलटलेली दोन माणसं अशा गोष्टीवरून अबोला धरतात हे सांगायची लाज वाटते. म्हणून तर आजवर कुणाला सांगितलं नाही.

सगळं जग मोबाइलवर फोटो काढू लागलं तरी आम्ही दोघं फिल्मला चिकटून होतो, तीही काळ्या-पांढऱ्या. फ्लॅशचा दोघांनाही तिटकारा. त्यामुळे घरातल्या उजेडात चालेल अशी वेगवान फिल्म हवी. फिल्मचा वेग आकड्यांत सांगतात, त्यात आवडीच्या दोन. चारशेची फिल्म म्हणजे बारीक दाणा, करड्या छटा सायीसारख्या एकमेकींत मिसळलेल्या. बत्तीसशेची जवळजवळ अंधारातही चालते, पण दाणा असा की फोटोवर कुणी रवा सांडलाय असं वाटावं. दिवाकर पहिल्यापासून चारशेवाला. एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायचा, बारीक रेघेचा माणूस. सक्करदऱ्याला त्याच्या घरी न्हाणीघराच्या खिडकीला काळी चादर ठोकून आम्ही रविवारी दुपारी फोटो धुवायचो. उन्हाळ्यात नळाला चहासारखं कढत पाणी यायचं, मग घमेल्यात बर्फ घेऊन त्यात औषधाच्या बाटल्या बुडवायच्या. बर्फ फोडता फोडता तो म्हणायचा, "पाय गा, नागपुरात फोटोलेबी ऊन लागते."

तीन-चार वर्षांपूर्वी त्यानं अचानक पंथ बदलला. नुसती बत्तीसशेची. मी का म्हणून विचारलं नाही, टोमणे मारले. महाल भागातल्या आमच्या चहाच्या ठेल्यावर चार मित्रांपुढे त्याचा फोटो वर धरून म्हणालो, "दिवाकर, हा फोटो आहे का उपमा?" सगळे हसले. तोही हसला. "खाऊन पाय ना बे. मले तं हेच आवडते." इतक्या हौसेनं म्हणाला, की मला तो हट्टच वाटला. त्या दिवसांत त्याला साखर होती हे ठाऊक होतं. ती कुठवर पोचली आहे, हे ठाऊक नव्हतं.

मग त्याच्या पहिल्या नातीचं बारसं आलं. फोटो आजोबाच काढणार, हे त्यानं महिनाभर आधीच जाहीर करून टाकलं होतं. मी घरून चारशेचा रोल घेऊन गेलो आणि पाहुण्यांदेखत त्याच्या हातात दिला. "पोरीच्या गालावर रवा नको पेरू. आज सभ्य फिल्म घाल." तो रोलकडे बघत राहिला. "राहू दे ना यार," म्हणाला. मी त्याच्या हातून कॅमेरा घेतला आणि रोल स्वतः भरून दिला. माझा स्वभावच तो. समोरच्याचं काम हातातून काढून घ्यायचं आणि त्याला मदत म्हणायचं.

आठवड्यानं विचारलं तर म्हणाला, "रोल गेला गा. पाणी गरम होतं." मी चिडलो. इतक्या वर्षांनी पाणी तपासता येत नाही? नातीचं एकदाच होणारं बारसं घालवलंस, असं त्याला फोनवर बोललो. त्यानंतरचे रविवार आपोआपच बंद पडले. त्यानं बोलावलं नाही, मीही गेलो नाही. आजारपणात भेटलो तेवढंच. बोलणं फक्त पेपर, पाऊस, औषधं.

तो गेल्यावर महिनाभरानं वहिनींनी त्याचं सामान बघायला बोलावलं. न्हाणीघरातलं फोटो कागदावर मोठा करायचं यंत्र, काळी चादर, सगळं जागच्या जागी होतं. सहज बोलल्यासारखं मी म्हणालो, "शेवटी शेवटी त्याला तो जाड दाणाच का आवडायला लागला कोण जाणे."

वहिनींनी माझ्याकडे वळून पाहिलं. "आवडाले काय होते त्याच्यात? त्यांले बारीक दिसतच नव्हतं भाऊजी. साखरेनं डोळ्याचा पडदा गेलता. नकाशेबी हापिसातले पोट्टेच काढत. तुमाले नाही सांगितलं, काहून का तुमी त्यांले बाजूले बसवून सगळं सोताच केलं असतं म्हणत."

मी तिथेच पालथ्या बादलीवर बसलो. बत्तीसशेच्या फिल्मला भिंगाचं तोंड बारीक ठेवता येतं. मग जवळचं-लांबचं सगळंच स्वच्छ येतं, नेम चुकला तरी निभावतं. चारशेला घरातल्या उजेडात ते तोंड मोठं उघडावं लागतं, आणि नेम जरा चुकला की हवं तेच धूसर. आणि यंत्रातून कागदावर उतरवताना दाणा जाड असला की अधू डोळ्यालाही फोटो नीट लागल्याचं कळतं. त्यानं आवड बदलली नव्हती. चालू ठेवता येईल अशी फिल्म शोधून काढली होती, आणि ती आवडून घेतली होती.

त्या सामानात बारशाचा रोल निघाला. पाण्यानं काहीसुद्धा बिघडलेलं नव्हतं. उत्तम धुतलेला, जपून कापून ठेवलेला. खिडकीवर चादर चढवून मी त्यातली एक चौकट कागदावर उतरवली. औषधात कागद हळूहळू काळा होऊ लागला. पुढे पाळणा, पाळण्यात बाळ, दोन्ही धुक्यात गेलेले. मागे दाराशी मात्र एक माणूस उभा, हातात पेढा, तोंड उघडं टाकून हसतोय. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. तो मीच.

दिवा लावून वहिनींना आत बोलावलं. ओल्या कागदाच्या कडा दोन बोटांनी धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या. बाळाच्या जागी त्यांनी एकदा अलगद फुंकर घातली, जणू वाफ बसली आहे.

"तुमी मात्र साफ आले, भाऊजी," त्या म्हणाल्या, आणि फोटो वाळत घालायला माझ्याकडे चिमटा मागितला.