चुन्याची रेघ

शाफ्ट मी चुकीचा बसवला होता आणि नाव देवाजी मिस्त्रींचं सांगितलं होतं. गेल्या महिन्यात अहेरीहून फोन आला, मिस्त्री गेले... तेव्हा मनात आधी हेच आलं. दुःख मागून आलं.

नव्वदच्या दशकात एटापल्लीला आमच्या फिरत्या दवाखान्याची फोर-व्हील जीप होती. ती माझ्या ताब्यात, कारण माझ्याकडे मेकॅनिकलचा डिप्लोमा. डिप्लोम्यात मी जीप फक्त फळ्यावर पाहिली होती, हे कोणाला सांगितलं नव्हतं. खरी दुरुस्ती अहेरीत, मिस्त्रींच्या टिनाच्या शेडमध्ये. कुठलाही जोड उघडण्याआधी ते तंबाखूसोबतच्या डबीतला चुना बोटावर घ्यायचे आणि जोडावर आडवी पांढरी रेघ ओढायचे. "जसं होतं तसंच बसवाचं, साहेब. आपलं डोकं मधी आणाचं नाई."

एकदा त्यांनी मागच्या शाफ्टचे क्रॉस, म्हणजे टोकांच्या सांध्यातले अधिकच्या आकाराचे तुकडे, बदलले. आठवड्यानं मला वाटलं, ग्रीस आपणच भरावं. हा शाफ्ट म्हणजे मागची चाकं फिरवणारा दांडा, एकमेकांत सरकणाऱ्या दोन तुकड्यांचा. दोन्हींच्या टोकांचे दुबोटी फाटे एका रेषेत यावे लागतात. मी तुकडे ओढून वेगळे केले, घासलेटनं चकाचक धुतले, चुन्याच्या रेघेसकट, आणि बसले तसे जोडले. दुसऱ्या दिवशी जीपनं वेग घेतला की अंगात आल्यासारखी थरथरू लागली. डॉक्टरबाईंच्या मांडीवर लशींची पेटी नाचायची. मी चाकं बदलली, हवा कमी केली, जास्त केली... व्यर्थ.

"कधीपासून आहे हे?" बाईंनी विचारलं.

"मिस्त्रींनी क्रॉस बदलले तेव्हापासून," मी म्हणालो.

बाईंनी ठरवलं, यापुढे गाडी चंद्रपूरला पाठवायची. आमचं पाहून बाकीची ऑफिसंही गाड्या काढून घेणार आणि मिस्त्रींची शेड बसणार, हे मलाही कळत होतं.

तिसऱ्या दिवशी हे ऐकून मिस्त्री एस.टी.नं आले, पान्यांची थैली घेऊन. "बाई, एक डाव पाहू द्या." मागचा शाफ्टच त्यांनी काढून ठेवला, फोर-व्हीलचा गिअर टाकला, बाईंना शेजारी बसवलं आणि नुसत्या पुढच्या चाकांवर जीप पळवून आणली. थरथर गायब! म्हणजे दोष काढलेल्या शाफ्टात. मग त्यांनी तो हातात घेऊन फिरवला. फाटे तिरपे, रेघेचा पत्ता नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थांबले... मी एका टायरची हवा फार मन लावून तपासत होतो.

"जोडात चूक हाय, बाई. नीट करून देतो."

"म्हणजे तुमचीच ना?"

मिस्त्रींनी पाना उचलला. फाटे जुळवले, नवी रेघ ओढली. बाई म्हणाल्या, "चूक झाली, पण धावत आलात. गाडी तुमच्याकडेच राहील." मीही मान डोलावली, जणू मीच माफ केलं.

परवा अहेरीला त्यांच्या घरी गेलो. खिडकीत ती डबी तशीच होती, चुना वाळून खडा झालेला. ती हातात घेऊन, तिच्याकडेच बघत मी सगळं एका दमात सांगून टाकलं. मिस्त्रींच्या बायकोनं, पारबताबाईंनी, शांतपणे ऐकलं.

"मले त्याच दिवशी सांगतलं होतं त्याहिनं. म्हणे, इतका चकाचक शाफ्ट मिस्त्री नाई करत, डिप्लोमावालाच करते. तुमी सांगान म्हणून लय दिवस वाट पाह्यली."

"आज तेच सांगायला आलो, बाई..."

"सांगाचं तं त्याहिले सांगाचं होतं, भाऊ. डबीले कायले सांगता?"